अश्मा, मसण आणि अस्मान

नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांना पुस्तकांत ‘बृहदश्मयुगीन दफने’ म्हटले जाते. शब्द विद्वानांनी घडवलेला आहे हे ऐकताक्षणी कळते. ग्रीक ‘मेगास’ म्हणजे मोठा, ‘लिथोस’ म्हणजे दगड. या जोडीसाठी आपल्याकडे कोणी ‘महापाषाण’ लिहिले, कोणी ‘महाश्म’, कोणी ‘बृहदश्म’. खरे तर ‘लिथोस’ मराठीत त्याआधीच येऊन बसला होता, तोही ‘शिळा’ होऊन. लिथोग्राफीच्या छापखान्याला एकोणिसाव्या शतकातला मराठी माणूस सरळ ‘शिळाप्रेस’ म्हणे आणि त्यावर निघालेल्या पोथीला ‘शिळाछाप’. त्या न्यायाने ‘महाशिळा’ सहज रूढ झाले असते. तसे झाले नाही. ‘अश्म’ निवडला गेला आणि त्यामुळे एक मोठी मौज हाती लागली. ती शब्द घडवणाऱ्यांच्या ध्यानात असेलच असे नाही.

आधी एक छोटा अडथळा. बृहत् आणि अश्म यांचा संधी ‘बृहदश्म’ असा होतो, आणि त्याच्या अगदी शेजारी ‘बृहदश्व’ उभा आहे. बृहदश्व हा वनपर्वातला ऋषी. द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला नलाची कथा सांगणारा. म आणि व यांच्या एवढ्याशा फरकाने दगडाचा घोडा होतो, म्हणून मुद्रिते वाचणाऱ्याने इथे जपावे लागते. अश्म आणि अश्व यांची ही लगट मुद्रणापुरती नाही, फार जुनी आहे. तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

आता प्रश्न असा, की ‘अश्म’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आहे का? नांदेडजवळच्या अर्धापूरच्या शिवारात दगडाला शब्दांची वाण नाही. बांधावरचा धोंडा, नदीतला गोटा, पायाला टोचतो तो खडा, नांगराला लागतो तो खडक, भिंतीत बसतो तो दगड. रागाच्या भरात फेकायचा झाला तर फत्तर. या फत्तराचे मूळ ‘प्रस्तर’ आहे, आणि वैदिक भाषेत प्रस्तर म्हणजे वेदीवर अंथरलेली दर्भाची मूठ. पसरलेल्या गवताचा पुढे दगड कसा झाला? अंथरायची वस्तू, मग अंथरल्यासारखा सपाट खडक, मग कोणताही खडक, असा प्रवास असावा. देवाची मूर्ती असेल तर मात्र दगड म्हणायचे नाही. अर्धापूरचा केशवराज पाषाणाचा. इतके सगळे आहे; ‘अश्म’ कुठेच नाही. अश्मयुग शाळेच्या पुस्तकात आणि अश्मरी वैद्याच्या चिठ्ठीत. घरी त्या अश्मरीलाही ‘मुतखडा’च म्हणतात.

एवढ्यावरून अश्म मराठीत मेला असा निकाल द्यावासा वाटतो. पण ज्या घरात नुकते कोणी गेले आहे त्या घरातल्या माणसांना विचारावे. अंत्यविधीत चितेला फेऱ्या घालताना खांद्यावरच्या पाण्याच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात तो दगड टाकून देत नाहीत. तो जपून ठेवतात, त्यावर दहा दिवस तिलोदक देतात आणि दहाव्याला पिंड झाल्यावर पाण्यात सोडतात. त्या दगडाला ‘जीवखडा’ म्हणतात, आणि भटजींच्या तोंडी त्याचे नाव आहे ‘अश्मा’. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी ‘अश्मा आणला का?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो. विचारणारा व्याकरणही अचूक बोलतो, कारण संस्कृत ‘अश्मन्’ची प्रथमा ‘अश्मा’ हीच. मराठीने हा शब्द प्रथमेच्या रूपातच, जसाच्या तसा, उचलला. त्याचा अर्थ मात्र आकसून एकाच दगडावर येऊन थांबला. तो दगड गेलेल्या माणसाचा.

विवाहातही हा शब्द आहे. अश्मारोहणात वधूचा उजवा पाय दगडावर ठेवतात आणि या दगडासारखी स्थिर हो असे म्हणतात. पण तिथे तो विधीच्या नावात दडलेला आहे आणि प्रत्यक्ष दगडाला घरचे लोक पाटा नाहीतर सहाण म्हणतात. सुटा, हातात घेता येईल असा ‘अश्मा’ फक्त दहाव्याला.

म्हणजे असे दिसते, की ‘बृहदश्म’ या शब्दाने एक मोठा अश्मा सांगितला जातो. मूठभर खड्यापासून माणसाच्या ताकदीला आव्हान देणाऱ्या शिळेपर्यंत आकार बदलतो, पण दोन्ही दगड मृताचे आहेत. शब्द घडवणाऱ्याने ‘महाशिळा’ निवडली असती तर हा धागा हाताला लागला नसता.

मृत्यू आणि दगड यांची ही सांगड ग्रंथांत किती मागे जाते? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अठरावे सूक्त अंत्यविधीचे. त्यात जिवंतांसाठी एक परिधी मांडला जातो, एक सीमा, आणि मृत्यूला पर्वताआड ठेवण्याची प्रार्थना होते. भाष्यपरंपरा हा परिधी दगडाचा मानते. त्याहून थेट बोलते ते शतपथब्राह्मणाचे तेरावे कांड. तिथे मृताच्या अस्थींवर उभारायच्या रचनेची चर्चा आहे आणि आकारावरून भांडण आहे. देवांची म्हणवणारी प्रजा ती चौकोनी करते. असुरांच्या वळणाची म्हणून ज्यांना नावे ठेवली आहेत ते, म्हणजे प्राच्य आणि इतर, ती ‘परिमंडल’ म्हणजे गोल करतात. भोवती ‘परिश्रित्’ नावाचे वेढ्याचे दगड लावायचे, ते न मोजता. हे वाचून जुनापाणीची सुमारे ३०० वर्तुळे डोळ्यांपुढे येतात, पण सांभाळायला हवे. शतपथाचा भूगोल विदेह-कुरुपंचालांचा, विदर्भाचा नाही. इतके मात्र म्हणता येते, की गोल आणि दगडांनी वेढलेली दफने करणारे लोक त्या ग्रंथकाराला परिचित होते आणि तो त्यांच्यापासून अंतर राखत होता.

या रचनेला शतपथात नाव आहे ‘श्मशान’. आज आपण जिथे जाळतात त्या जागेला श्मशान म्हणतो. शतपथात तो उभारलेला उंचवटा आहे. म्हणजे शब्दाचा अर्थ वास्तूकडून जागेकडे सरकलेला दिसतो.

श्मशानाची व्युत्पत्ती हा जुना झगडा आहे. शतपथ स्वतः ‘शव’ आणि ‘अन्न’ यांच्यात तिचा उगम पाहतो. ब्राह्मणग्रंथांची ही सवयच, ध्वनी जुळला की अर्थ सापडला. यास्काने निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायात ‘श्मशयन’ अशी फोड केली: ‘श्म’ म्हणजे शरीर, ते जिथे निजते ते श्मशान. लगेच पुढे तो ‘श्मश्रू’ घेतो, जे ‘श्म’वर म्हणजे शरीरावर आश्रय करून राहते ते. दाढीमिशा आणि दहनभूमी शेजारी बसवायला यास्कच हवा. गंमत अशी, की सुमारे दीड हजार वर्षांनी हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हेच दोन शब्द पुन्हा एका सूत्रात बांधले. कारण वेगळे होते. दोघांचाही पहिला व्यंजनवर्ण प्राकृतात गळतो: श्मश्रूचे ‘मासू’ आणि ‘मस्सू’, श्मशानाचे ‘मसाण’. आर्ष प्राकृतात ‘सुसाण’, ‘सीआण’ अशीही रूपे होती. पालीत ‘सुसान’ आहे. मराठीने ‘मसाण’ पत्करले आणि त्याचे ‘मसण’ केले. ‘मिशी’ही श्मश्रूकडूनच आलेली दिसते.

यास्काची ‘श्म = शरीर’ ही जोडी आता टिकत नाही. श्मश्रूचे नातेवाईक युरोपात सापडले आहेत. लिथुआनियन भाषेत हनुवटीला ‘स्माक्रास’ म्हणतात. तेव्हा श्मश्रूतला ‘श्म’ हनुवटीशी बांधलेला आहे, शरीराशी नाही. मग श्मशान एकटे पडते, आणि मोनिअर-विल्यम्सने आपल्या कोशात ज्या मताकडे कौल दिला त्याला जागा मिळते: श्मशान हे मूळचे ‘अश्मशयन’ असावे. अश्म, म्हणजे दगड. शयन, म्हणजे निजणे. दगडांतले निजणे.

किती सुंदर जुळते हे! आणि म्हणूनच त्याला उलटे प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला ‘अ’ कुठे गेला? मराठीत आद्य अकार सर्रास पडतो: अरण्याचे रान झाले, अरघट्टाचा रहाट. पण हे प्राकृताच्या वाटेवरचे. वैदिक संस्कृतात तेवढ्या सहज अकार पडत नाही. वैयाकरण भागुरीचे एक मत उद्धृत होते, की अव आणि अपि या उपसर्गांचा ‘अ’ लोपतो. म्हणून अवगाह आणि वगाह, अपिधान आणि पिधान अशा जोड्या दिसतात. पण अश्म हा उपसर्ग नव्हे आणि भागुरीची सवलत त्याला लागू होत नाही. ‘शयन’चे ‘शान’ होणेही जरा ओढूनच आणावे लागते. तरी अथर्ववेदकाळापासून हा शब्द पक्का रुळलेला दिसतो, आणि अशा घासून गुळगुळीत झालेल्या शब्दाच्या कडा नियमाबाहेरही झिजतात. मला हे मत साठ टक्के पटते. उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी वाचकाने स्वतःचा कौल द्यावा.

ते खरे असेल तर मराठवाड्यात रोज, रागात आणि लाडातही, उच्चारला जाणारा ‘मसण’ अश्माला पोटात घेऊन फिरतो आहे. ‘गेला मसणात’, ‘मसण्या’, आणि मसणजोगी या समाजाचे नाव, या सगळ्यांत. जो अश्म तोंडी नाही म्हणून आपण वर निकाल देत होतो तोच.

अश्माचा दुसरा वंश फारसीतून आला, आणि तो तर कुणाला संशयही येऊ नये इतका वेष बदलून. अवेस्तात ‘अस्मन्’चे अर्थ दोन, दगड आणि आकाश. आकाश हा दगडाचा घुमट आहे अशी ती कल्पना. इराणातल्या नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात सम्राट दारयवहू अहुरमज्दाची स्तुती करताना ही भूमी आणि ते ‘अस्मान’ घडवणारा असे म्हणतो. फारसीत पुढे दगडाचा अर्थ गळला, आकाश उरले: ‘आसमान’. ते दख्खनी दरबारांबरोबर मराठीत उतरले आणि आपण त्याचे ‘अस्मान’ केले. पहिलवानाने प्रतिस्पर्ध्याला दाखवायचे ते अस्मान, आनंदाने ठेंगणे होते ते अस्मान, आणि शेतकऱ्यावर सुलतानीच्या जोडीने कोसळते ती अस्मानी. अश्मा आणि अस्मान हे सख्खे भाऊ एकाच गावात राहतात. एक दहाव्याच्या घाटावर, दुसरा कुस्तीच्या फडात.

वैदिक भाषेनेही आकाशाचा दगड सोडलेला नव्हता. इंद्राला स्वर्गातला अश्मा शत्रूवर फेकण्याची विनवणी ऋग्वेदात आहे. तिथे अश्मा म्हणजे वज्र, विजेबरोबर पडणारा दगड. या दुपदरी अर्थाला मराठीत कोणी वारस आहे का, असा शोध घेताना मला ‘गार’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. गार म्हणजे आभाळातून पडणारी गार आणि गार म्हणजे चकमकीचा दगड. गारगोटी तीच. लहान अश्महत्यारे ज्या चालसिडनी आणि अगेटच्या खड्यांची केली जात ते आपल्या गुराख्यांच्या भाषेत गारगोट्याच. एकाच शब्दात आभाळातला दगड आणि हत्याराचा दगड! अश्मन् आणि गार यांचे रक्ताचे नाते नाही. पण दोन्हीकडे माणसाने आभाळ आणि खडक एका नावाखाली आणले. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना वैदिक अश्मा समजावून सांगावा लागणार नाही. अर्धापूरचे केळीवाले तर गारेला ओळखतातच.

फारसीचा दगडासाठीचा रोजचा शब्द ‘संग’. निजामी अमदानीत उर्दू शिकलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना संगतराश म्हणजे पाथरवट आणि संगे-बुनियाद म्हणजे कोनशिला हे शब्द सवयीचे होते. संगमरवर आपण सगळेच म्हणतो. ‘संगीन’ हे विशेषण मूळ ‘दगडी’ या अर्थाचे: संगीन बांधकाम, संगीन पूल. मग भक्कम, मग गंभीर. आणि बंदुकीच्या टोकावरची संगीनही तिथलीच दिसते. आता ‘संग’चे जुने रूप पाहावे. अवेस्तात ‘असंग’ आहे आणि प्राचीन फारसीत ‘अथंग’. त्याच्या मुळाशी ‘असन्’, म्हणजे पुन्हा आपल्या अश्मन्‌चेच कूळ. इथेही पहिला ‘अ’ गळाला आहे! असंगाचा संग झाला. फारसीतली घटना संस्कृतातल्या शब्दाचा पुरावा होऊ शकत नाही. पण श्मशानातल्या गळालेल्या अकाराकडे मी थोडा सौम्यपणे पाहू लागलो तो या ‘संग’मुळे.

असन्, असंग म्हणता म्हणता नांदेडहून अर्धापूरला जाताना लागणारी आसना नदी आठवणे साहजिक आहे. दगडांची नदी? मोह आवरावा. ‘असन’ नावाचा वृक्ष संस्कृतात प्रसिद्ध आहे आणि मराठीत त्याला असाणा म्हणतात. नद्यांची नावे काठच्या झाडांवरून पडतात हे आपण पावलोपावली पाहतो. तेव्हा ही नदी झाडाची असावी, दगडाची नव्हे.

पण दगडाच्या नावाचा एक अख्खा देश इथे होता, त्याबद्दल मोह आवरायची गरज नाही. अश्मक. सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेचे हे एकमेव. पाणिनीला ते ठाऊक आहे. पाली वाङ्मयात त्याचे नाव ‘अस्सक’. सुत्तनिपातातला बावरी ब्राह्मण गोदावरीच्या काठी, अस्सकाच्या मुलखात, अळकाच्या शेजारी राहतो. अळक म्हणजे मूलक, पैठणकडचा प्रदेश. अश्मकाची राजधानी पोतन किंवा पौदन्य, आणि ती आजचे बोधन असे बहुतेक अभ्यासक मानतात. बोधन निजामाबाद जिल्ह्यात, आपल्या बिलोलीच्या पलीकडे. नांदेडचा मुलूख अश्मकात मोडत असावा याला फारसा विरोध नाही.

नावाची कथा महाभारतात आणि पुराणांत आहे. कल्माषपाद राजाची राणी मदयंती वर्षानुवर्षे गर्भ वाहत राहिली. शेवटी तिने अश्म्याने स्वतःचे उदर फोडले आणि जन्मला तो अश्मक. त्यानेच पौदन्य वसवले असे आदिपर्व सांगते. पुराणांत त्याचा मुलगा मूलक. नकाशावर शेजारी असलेले दोन देश वंशावळीत बाप-लेक झाले. उघडच देश आधी, राजे मागाहून. मग देशाला दगडाचे नाव का? नांदेड जिल्ह्यात मुखेड, देगलूर, बिलोलीकडे सरकले की दख्खनचा काळा कातळ संपतो आणि त्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. माळावर गोल गुळगुळीत प्रचंड धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. पैठणकडून गोदावरीकाठाने खाली येणाऱ्या माणसाला हा बदल डोळ्यांत भरला असणार. ‘दगडवाला देश’ हे नाव परक्याने, वाटसरूने दिलेले असावे असे मला वाटते.

आता तो घोडा. पालीत ‘अस्स’ म्हणजे अश्व. मग अस्सक हे अश्मकाचे रूप की अश्वकाचे? श्म आणि श्व दोन्ही पाली-प्राकृताच्या जात्यात ‘स्स’ होऊन निघू शकतात, आणि एकदा पीठ झाले की दाणा कोणता होता हे सांगणे कठीण. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या गौतमी बलश्रीच्या लेखात सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या सत्तेखालच्या मुलखांत ‘असक’ आणि ‘मुळक’ लागोपाठ येतात, पण लेख प्राकृतात असल्याने तोही दाद देत नाही. संस्कृत ग्रंथ अश्मकच म्हणतात, आणि पाणिनीची साक्ष जुनी, म्हणून दगडाचे पारडे जड.

आणि तरी विदर्भाच्या वर्तुळांत घोडा आहे. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०-७०च्या दशकांत टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे केलेल्या उत्खननांत माणसांच्या अस्थींबरोबर घोड्यांच्या अस्थी मिळाल्या. घोड्यांच्या मुखावर तांब्याचे साज, तोंडात लोखंडी लगाम. ज्याचा मृत्यू झाला त्याचा घोडाही त्याच्याबरोबर अश्मांच्या घेरात गेलेला. बृहदश्म आणि बृहदश्व यांत मुद्रकाने गल्लत केली तरी नागपूरच्या मातीने ती आधीच करून ठेवली आहे. यावरून अस्सक म्हणजे अश्वक असे मात्र ठरवू नये; विदर्भ वेगळा, अश्मक वेगळा, आणि गौतमीपुत्राच्या यादीतही दोन्हींची नावे वेगवेगळी आहेत.

लोखंडी लगाम हा शब्द मुद्दाम लिहिला. बृहदश्मयुग या नावात ‘अश्म’ आणि ‘युग’ दोन्ही असल्याने विद्यार्थी त्याला अश्मयुगाचे भावंड समजतात: पुराश्म, मध्याश्म, नवाश्म, मग बृहदश्म. ही दिशाभूल आहे. नवाश्मातला अश्म हत्याराचा, बृहदश्मातला अश्म थडग्याचा. पश्चिम युरोपात दोन्ही एका काळात पडतात. तिथल्या शिळांची दफने नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी उभारली. आपल्याकडची वर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, आणि ती उभारणारे लोक पक्के लोहार. पेंच नदीकाठच्या नायकुंडला देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणून ‘बृहदश्मयुग’पेक्षा ‘बृहदश्म संस्कृती’ बरे, आणि वस्तूसाठी ‘शिळावर्तुळ’ सर्वांत बरे असे माझे मत आहे. त्यात काळाबद्दल कसलाही दावा नाही.

लोहाराकडे अश्म आणखी एका वाटेने पोचला आहे. ग्रीक भाषेत याच कुळातला ‘आक्मोन’ म्हणजे ऐरण. रशियन ‘कामेन’ आणि लिथुआनियन ‘अकमुओ’ दगडच राहिले. जुन्या नॉर्स भाषेतला ‘हामार’ कडा आणि हातोडा दोन्ही, तोच इंग्रजी हॅमर. दगडावर लोखंड ठोकता ठोकता शब्द लोखंडाचा झाला. आपली ऐरण मात्र ‘अधिकरणी’कडून आलेली दिसते, ज्यावर ठेवून काम करायचे ती.

गावोगावच्या लोकांनी या शिळांना काय म्हटले? लोकांना ‘युग’ नको असते, मालक हवा असतो. तेलुगू मुलखात त्या राक्षसांच्या किंवा पांडवांच्या ‘गुळ्ळु’, म्हणजे देवळे. तमिळमध्ये ‘पांडुक्कुळि’. कन्नडमध्ये मोऱ्यांची घरे: हिरेबेणकलच्या टेकडीला ‘मोरेर गुड्ड’ म्हणतात. हे मोरे म्हणजे दगडी खोल्यांत राहणारी बुटकी माणसे अशी कथा. कर्नल मेडोज टेलरने शोरापूर भागातल्या शिळांवर लिहिताना हे मोरी लोक नोंदवले आहेत. हाच टेलर पुढे आपल्या नळदुर्गला अधिकारी होता. जुनापाणीला १८६०च्या दशकात प्रथम खणणारा रिव्हेट-कार्नाक कापूस खात्याचा अधिकारी. १८७९ साली त्याचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. नंतर १९६१-६२त बा. कृ. थापर यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. आज ही वर्तुळे केंद्रसंरक्षित आहेत. या संरक्षणाचे मोल मोठे आहे, कारण लेख नसलेल्या अशा धोंड्यांना बांधाचा दगड समजून उचलून नेणे कुणालाही सोपे.

कन्नड शेजाराने आपल्याला मृतांच्या दगडासाठी एक शब्द दिला आहे: वीरगळ. कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात क चा ग होऊन ‘वीरगल्लु’, आणि मराठीत वीरगळ. गधेगळही तसाच. तमिळ ‘नडुकल’ म्हणजे रोवलेला दगड. नांदेड-लातूरकडे कन्नड शिलालेख इतके आहेत, की हा शब्द इथे परका कधी नव्हताच. ब्रेटन भाषेतल्या ‘मेन-हिर’मध्ये दगड (मेन) आधी आणि लांब (हिर) नंतर, आपल्या वीरगळात वीर आधी, दगड नंतर.

सगळ्यात शेवटी एक शब्द सोडवायचा राहिला: मसणवटा. मसण कळले; ‘वटा’ काय? पहिल्यांदा ‘वाटक’ म्हणजे कुंपण सुचते, कारण दगडांच्या वेढ्याला ते चपखल बसेल. पण वाटकाचा मराठीत ‘वाडा’ झाला, वाटिकेची ‘वाडी’. दोन स्वरांमधला ‘ट’ मराठीत ‘ड’ होतो. ‘वटा’तला ‘ट’ टिकला, तेव्हा प्राकृतात तो ‘ट्ट’ असला पाहिजे. मग दोन दावेदार उरतात. एक ‘वृत्त’ किंवा ‘वर्त’, म्हणजे गोल. त्याचे ‘वट्ट’ होते, जसे वर्तुळाचे ‘वाटोळे’ झाले. हे खरे असेल तर मसणवटा म्हणजे अक्षरशः अश्मशयनाचे वर्तुळ, शिळावर्तुळालाच दिलेले मराठी नाव. आणि वाटोळे म्हणजे गोलही, सत्यानाशही! दुसरा दावेदार ‘पट्ट’, म्हणजे जमिनीचा पट्टा. समासात प चा व होऊन तोही ‘वट्ट’च. पाटा-वरवंट्यातला पाटा पट्टाचा आणि त्यावर वाटणे वर्ताचे, तसे हे दोघे स्वयंपाकघरातही शेजारी आहेत.

पहिला अर्थ मनाला ओढतो. पण आपल्याकडचे मसणवटे ओढ्याकाठी, नदीकाठी, गावाबाहेरच्या लांबट तुकड्यात असतात, आणि गावच्या भाषेत जमिनीला पट्टा म्हणणे नित्याचे. ‘मसणवट’ असे आखूड रूपही ऐकू येते आणि तेही पट्टाला जुळते. म्हणून मी पट्टाकडे झुकतो. वृत्ताच्या बाजूने कुणाला एखादा जुना ताम्रपट किंवा महानुभाव पोथीतले रूप दाखवता आले, तर हा निकाल बदलायला मी मनापासून तयार आहे.